जाणारी आणि राहणारी

गोजाबाईने सुपातली टोमॅटोची एक सुकी फोड उचलली, उन्हाकडे धरून पाहिली आणि उजवीकडे टाकली. दुसरी उचलली, तीही उन्हाकडे धरली आणि डावीकडे टाकली. तिसरी पुन्हा उजवीकडे. हात इतके सरावाने चालत होते की पुष्पलताने मोबाइलवर तीन फोटो घेतले तरी तिला त्यात काही वेगळं जाणवलं नाही. चौथा घेताना तिने मोबाइल खाली केला.

उजवीकडच्या फोडी जाड, गोल, गडद लाल होत्या. डावीकडे देठाजवळचे काप होते, काही कडेला पिवळट राहिलेले, काही वाळताना मुडपलेले.

"मावशी, हे दोन ढीग कशाचे?"

गोजाबाईने मान वर केली नाही. "तुझेच. ही जाणारी, ही राहणारी."

पुष्पलता पडवीच्या कडेवर बसली होती, ती उठून सुपाजवळ आली आणि उकिडवी बसली. तिने दोन्ही ढिगांतली एकेक फोड तळहातावर घेतली.

"मागच्या वर्षीही असेच ढीग केले होते?"

"मंग? तूच म्हणालीस ना, गेल्या साली केलं तसंच कर, पुस्तकात फोटो लावायचा हाय."

सारवलेल्या अंगणात फागी वाळवण-पेटीची ताटं धूत होती. चार पत्र्यांची आणि काचेच्या झाकणाची ती पेटी दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने जामसरच्या या पाड्यावर आणून ठेवली होती, आणि पाड्यावरच्या सहाजणी तिच्यात टोमॅटोच्या फोडी सुकवून जव्हारच्या बाजारात विकत. फागी त्यांतली सर्वांत लहान. ती हसली.

"ताईला वाटलं, मावशी डोळे झाकून भरते."

"एकाच ताटातल्या फोडी घ्या, असं सांगितलं होतं ना मी फोनवर?"

"एकाच ताटातल्या हायत." गोजाबाईने रिकाम्या ताटाकडे बोट दाखवलं. "हे काय. याच्यातल्याच सगळ्या."

"पण निवडून?"

आता गोजाबाईने वर पाहिलं. भाकरी का उलटायची असं कोणी विचारावं, तसं तिचं तोंड झालं.

"जाणाऱ्याच्या शिदोरीत वाकडंतिकडं कोण घालतं, बाय? वाशीपर्यंत जाणार, तिथं चार लोक बघणार, ते किरण का काय ते सोसणार. घरी राहायचं त्याला काय, कसंबी चालतं."

"खरंय ताई," फागी म्हणाली. "माझा नवरा वीटभट्टीवर निघाला की त्याच्या फडक्यात टम्म फुगलेली भाकर. चुलीपाशी मी बसते ती करपलेली घेऊन. मावशीचीच शिकवण."

"तुझ्या सगळ्याच करपतात," गोजाबाई म्हणाली, आणि पुढची फोड उन्हाकडे धरली.

पुष्पलताने हातातल्या दोन फोडी परत ठेवल्या. कोणती कुठल्या ढिगातली, हे न बघताही तिच्या बोटांना कळत होतं.

तिचा प्रबंध या फोडींवर होता. जव्हारच्या पावसात सुकवलेला टोमॅटो टिकत नाही, जूनअखेर त्याला बुरशी धरते. गॅमा किरणांची योग्य मात्रा दिली तर बुरशी मरते, हे आधीपासून माहीत होतं. प्रश्न वेगळा होता. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन आणि त्याच्या जोडीने शरीराला उपयोगी पडणारी इतर द्रव्यं, ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, ती या किरणांनी घटतात का? त्यासाठी मागच्या वर्षी मार्चमध्ये तिने अठ्ठेचाळीस पाकिटं वडिलांबरोबर पाड्यावर पाठवली. त्या आठवड्यात तिला मुंबईहून येता येत नव्हतं, विद्यापीठाची परीक्षा होती. किरण द्यायचा गट आणि न द्यायचा गट हे गोजाबाईला फोनवर कसं सांगावं, यावर तिने बराच विचार केला आणि सोपे शब्द शोधले. चोवीस पाकिटांवर लाल पेनाने लिहिलं, जाणारी. चोवीस पाकिटांवर निळ्या पेनाने लिहिलं, राहणारी.

जाणारी पाकिटं वाशीजवळच्या विकिरण केंद्रात जाऊन आली. राहणारी तोवर गोजाबाईच्या घरात फळीवर राहिली आणि मग वडिलांनी ती प्रयोगशाळेत पोचवली. तपासणीत जाणाऱ्या पाकिटांत लायकोपीन चौदा टक्के जास्त निघालं.

कमी झालं नव्हतं, वाढलं होतं. किरणांनी पेशींच्या भिंती सैल होतात, म्हणून आतला रंग अधिक सहज बाहेर येतो, असं स्पष्टीकरण तिने दिलं. इतरांनीही इतर फळांबद्दल असं काही नोंदवलं होतं. स्पष्टीकरण इतकं नीट बसलं की परिषदेत तिच्या भित्तिपत्रकाला पहिलं बक्षीस मिळालं. प्रबंध द्यायला आता तीन आठवडे उरले होते, आणि त्याच्या नावातच वाढ हा शब्द होता.

"फोटो झालं का?" गोजाबाईने विचारलं. "का अजून हात हालवू?"

"झालं, मावशी."

"मंग जेव."

नागलीची भाकरी आणि वाळक्या टोमॅटोची चटणी होती. पुष्पलता दहा वर्षांची होईपर्यंत याच भागात आश्रमशाळेच्या खोल्यांत वाढली होती. वडील तिथे गणित शिकवत आणि गोजाबाई वसतिगृहात स्वयंपाक करी. तिच्या हातचं ती आईच्या हातच्याइतकंच जेवली होती. आज तिने भाकरीचा तुकडा चटणीला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"तिखट झाली काय?"

"नाही. चांगली आहे."

फागीने पाण्याचा तांब्या सरकवला आणि तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

जव्हारला घरी आल्यावर पुष्पलताने लॅपटॉप उघडला आणि मागच्या वर्षीचे फोटो काढले. पाकिटं फोडण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो घ्यायची तिची सवय होती. पडद्यावर तिने चोवीस आणि चोवीस आमनेसामने लावले. एका बाजूला गोल, जाड, जवळजवळ सारख्या आकाराच्या फोडी. दुसऱ्या बाजूला सगळ्या तऱ्हेच्या. शाळेतल्या मुलालाही दिसलं असतं. लाल बाजूच्या पहिल्या फोटोखाली तिने स्वतः ओळ लिहिली होती, विकिरणानंतर रंग अधिक गडद झालेला दिसतो.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

वडील, उमेश गुरुजी, चहा घेऊन आले. निवृत्तीनंतर त्यांनी दुपारचा चहा स्वतः करायचं ठरवलं होतं आणि त्यात साखर नेहमी जास्त पडे.

"मिळाले फोटो?"

"मिळाले."

"आज बाजारात तुझा विषय निघाला. मी म्हटलं, आमच्या जामसरच्या टोमॅटोला किरण लागले की तो आणखी गुणकारी होतो, आणि हे मुंबईत सिद्ध झालंय. एकाला खरं वाटेना. त्याला म्हटलं, बाबा रे, चौदा टक्के. आकडा सांगितला की माणूस गप्प बसतो."

ती हसली. ते समाधानाने बाहेर गेले.

आकडा खोटा नव्हता, हेच अवघड होतं. यंत्राने बरोबर मोजलं होतं. तिने रंग विरघळवून घेणाऱ्या हेक्झेनचा लाल थर प्रत्येक नळीतून काळजीने वेगळा केला होता, प्रत्येक वाचन तीनदा घेतलं होतं. चौदा टक्के फरक त्या पाकिटांत खरोखर होता. फक्त तो वाशीला पडला नव्हता, तो जामसरच्या अंगणात सुपाशी बसून पाडला होता. आणि हे ज्या दोन बायकांना माहीत होतं, त्यांना ते लपवण्यासारखं काही आहे याची कल्पना नव्हती. तिने प्रबंध तसाच दिला असता तर कोणीही कधीही विचारायला आलं नसतं.

चहा गार झाला. संध्याकाळी आईने दिवाबत्तीला हाक मारली तेव्हाही ती त्या दोन रांगांसमोर बसून होती.

सकाळी गच्चीवर जाऊन तिने मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती. तिने ती सगळी सोडून पहिल्यापासून सरळ सांगितलं. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.

"पाकिटांवर तुम्ही आधीच लिहून दिलं होतं?"

"हो, मॅडम."

"आणि किरण न दिलेली पाकिटं प्रवासाला गेलीच नाहीत. घरीच राहिली."

"हो."

"हे मलाही दिसायला हवं होतं. मीही चौदा टक्क्यांकडेच बघत बसले." तिसरी शिट्टी झाली. "शेतात टोमॅटो शिल्लक आहेत का?"

नदीकाठच्या वाफ्यांत शेवटचा तोडा बाकी होता. फागी, सहाजणींतली चैती आणि गोजाबाईने दोन सकाळी मिळून तो उतरवला, फोडी केल्या, पेटीत घातल्या. तिसऱ्या दिवशी पुष्पलता नवी पाकिटं घेऊन पाड्यावर आली. त्यांवर फक्त आकडे होते.

गोजाबाईने एक पाकीट उलटसुलट केलं.

"यातली जाणारी कोणची?"

"सगळी जाणार. एकाच खोक्यात, एकाच गाडीने. तिथे निम्मी किरणांत जातील आणि निम्मी बाहेर थांबतील. परत येताना पुन्हा सगळी बरोबर."

"निम्मी कोणची?"

"मला माहीत नाही."

"असं कसं? तूच तं करतेस ना?"

"मॅडम चिठ्ठ्या काढणार. मलाही शेवटपर्यंत सांगणार नाहीत."

"तुला पण नाय?"

"मला पण नाही."

"मावशी, लॉटरी हाय ही," फागी म्हणाली. "नशिबात असंल ते जाईल आत."

गोजाबाईने दोन्ही हात मांडीवर ठेवले. समोर सूप भरलेलं होतं, आणि कधी नव्हे ते तिचे हात थांबले होते. तिने पाकिटांकडे पाहिलं, मग फोडींकडे, मग पुन्हा पाकिटांकडे.

"निवडू नका," पुष्पलता हलकेच म्हणाली. "सगळं एकत्र कालवायचं आणि भरायचं."

"नाय."

"मावशी."

"तुझ्या मॅडमच्या हाती वाकडं देऊ? आत जाणारं कोणचं ते कळत नाय म्हणतेस, मंग सगळीच जाणारी धरायला लागतील." तिने सूप पुढे ओढलं. मुडपलेल्या, पिवळ्या कडांच्या फोडी वेगळ्या काढून मागे परातीत टाकू लागली. "या आमाला ऱ्हाऊ दे."

पुष्पलताने क्षणभर विचार केला. सगळ्या पाकिटांत सारख्या चांगल्या फोडी, म्हणजे तिला हवं होतं तेच, वेगळ्या वाटेने. अडचण एवढीच की चांगल्या फोडी अठ्ठेचाळीस पाकिटांना पुरल्या नाहीत. तिसाव्या पाकिटाला सूप रिकामं झालं.

"चालंल?" चैतीने विचारलं.

"तीस चालतील." संख्याशास्त्राने कुरकुर केली असती, पण चालवून घेतलं असतं.

तिने पाकिटं पत्त्यांसारखी पिसली आणि खोक्यात रचली. तोंड चिकटपट्टीने बंद करत असताना गोजाबाईने विचारलं,

"गेल्या साली चुकलं काय?"

चिकटपट्टीचं टोक सापडेना. पुष्पलता ते नखाने शोधत राहिली.

"नियम बदलले, मावशी. आता असंच करावं लागतं."

"बरं," गोजाबाई म्हणाली.

खोकं डोक्यावर घेऊन फागी रस्त्यापर्यंत सोडायला आली, आणि जीप येईपर्यंत नदीच्या पाण्याबद्दल बोलत राहिली.

एप्रिलच्या मध्यावर तीस नळ्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीत वर लाल थर होता, आणि डोळ्यांना त्यात डावंउजवं करता येत नव्हतं. मॅडम स्वतः प्रयोगशाळेत आल्या. पुष्पलताने सगळी वाचनं लिहून सही केल्यावरच त्यांनी पर्समधून चिठ्ठ्यांचा लिफाफा काढला.

लायकोपीनमध्ये फरक एक टक्क्याहून कमी होता, म्हणजे नव्हताच. क जीवनसत्त्व किरण दिलेल्या फोडींत थोडं घटलं होतं. बुरशीच्या काचेच्या ताटल्या खिडकीपाशी दोन रांगांत ठेवल्या होत्या. एका रांगेत राखाडी-हिरवी लव वाढली होती आणि दुसरी स्वच्छ होती. किरणांनी बुरशी मारली होती आणि लाल रंगाला हात लावला नव्हता.

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"हे बघा. कंटाळवाणं आणि खरं."

"बक्षीस परत करावं लागेल."

"करू. पत्र मी लिहिते, सही दोघींची. आणि एका महिन्याची मुदतवाढ मागा. मागच्या वर्षीचं प्रकरण गाळायचं नाही. काय झालं, कसं झालं, सगळं यायला हवं. पुढची कोणीतरी हीच चूक करणार असेल, तिला ते सापडलं पाहिजे."

प्रकरण लिहायला चार दिवस पुरले. वडिलांना सांगायला एक जेवण लागलं. गुरुजींनी भात कालवायचा थांबवून सगळं ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, की त्या बाजारातल्या माणसाला आता काय सांगायचं. मग स्वतःच म्हणाले, "सांगतो, की तपासणी पुन्हा केली. गणितात ताळा करतातच."

राहिली गोजाबाई.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुष्पलता छापील प्रत पिशवीत घालून जामसरला गेली. गोजाबाई अंगणात बियाण्याची नागली पाखडत होती. फागी पडवीत पाय पसरून सुतळीचा गुंता सोडवत होती. पुष्पलता चप्पल काढून गोजाबाईसमोर बसली. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या की बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. पण बसल्या बसल्याच ती म्हणाली,

"मावशी, मी सगळ्यांना सांगत होते की किरणांनी टोमॅटो आणखी चांगला होतो. तसं नाहीये. तो आहे तसाच राहतो. फक्त बुरशी धरत नाही."

"मंग तं झालंच की. आमाला तेच पायजे."

"हो. पण मागच्या वर्षी जाणाऱ्या पाकिटांत सत्त्व जास्त भरलं होतं ना, ते किरणांमुळे नव्हतं. तुम्ही चांगल्या फोडी निवडून त्यांत घातल्या होत्या, म्हणून भरलं."

सूप थांबलं. नागलीचे काही दाणे कडेवरून खाली सांडले.

"म्हंजे माझ्यानं बिघडलं."

"तुमच्यानं नाही. कोणती जाणार, कोणती राहणार, हे मी आधी लिहून द्यायलाच नको होतं. ते काम माझं होतं, आणि मला ते सुचलं नाही."

"राहणारी म्हणालीस, आन मागनं गुरुजींनी ती पण नेलीच की. तव्हाच म्हटलं, हे काय?" गोजाबाईने सांडलेले दाणे बोटाच्या टोकाने टिपले. "मार्चात मंग तू नियम बदलले म्हणालीस."

"खोटं बोलले."

"ते कळलं होतं. वसतिगृहात वांग्याची भाजी असली की 'पोट भरलं' म्हणायचीस, तेच तोंड केलं होतंस."

पडवीत फागी मोठ्याने हसली. पुष्पलताच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"किती जास्त भरलं होतं?" गोजाबाईने विचारलं.

"शंभराला चौदा."

"चौदा." तिने आकडा तोंडात घोळवला. "मशीननं काढला?"

"मशीननं."

"आन मी काढला तो नुसता उन्हात धरून."

"मावशी, तुला बसवा तिथं मशीनच्या जागी," फागी म्हणाली. "वीज पण नको. नुसता चहा."

"तुझ्या हातचा नको," गोजाबाई म्हणाली, पण तिचे डोळे हसत होते. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "पुस्तकात लिवलंस हे?"

"लिहिलंय. तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नव्हते."

"वाच."

पुष्पलताने प्रत काढली. प्रबंध इंग्रजीत होता. ती ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेली. पाकिटं भरणाऱ्या व्यक्तीला कोणता गट प्रवासाला जाणार हे आधीपासून माहीत होतं. स्थानिक रिवाजाप्रमाणे प्रवासाला जाणाऱ्या वस्तूसाठी उत्तम ते निवडलं जातं. त्यामुळे उत्तम फोडी पहिल्या गटात गेल्या आणि हलक्या प्रतीच्या फोडी दुसऱ्या गटात.

"हलक्या?"

"म्हणजे... तितक्या चांगल्या नसलेल्या."

"हलक्या नव्हत्या त्या." गोजाबाईचा आवाज चढला नाही, पण ताठ झाला. "बाकी सगळं लिव. भरणारी कोण, तिचं नाव पण लिव, गोजा म्हणून. मीच भरली. पण हलक्या नको लिवू. हलक्या असत्या तं शेळीपुढं टाकल्या असत्या. तुझ्या पाकिटात घातल्या असत्या का मी? त्याच ताटातल्या उरलेल्या आमी खाल्ल्या, सहा घरांनी, पाऊस लागेपत्तूर."

पुष्पलताने पानं मागे उलटली. प्रबंधाच्या सुरुवातीला, पहिल्या वर्षी, तिने तीन बाजारांतून सुके टोमॅटो आणून तपासले होते. ती सारणी तिने शोधली आणि एक बोट तिथे ठेवलं. दुसरं बोट राहणाऱ्या पाकिटांच्या आकड्यावर ठेवलं. तीनपैकी दोन बाजारांपेक्षा तो आकडा वर होता. दोन्ही सारण्या तिनेच केल्या होत्या, एकाच टेबलावर, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

"खरंय," ती म्हणाली. "बाजारातल्यापेक्षा चांगल्या आहेत."

"मंग."

पिशवीच्या तळातून तिने पेन्सिल काढली आणि तो इंग्रजी शब्द खोडला. वरच्या रिकाम्या जागेवर पेन्सिल थांबली.

"मग काय लिहू?"

गोजाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. दाणे वर उडाले, भुसा अंगणात गेला, दाणे परत सुपात पडले.

"घरच्या लिव."

इंग्रजीत त्याला बसणारा शब्द तिला चटकन सुचला नाही. तिने तो देवनागरीतच लिहिला, आणि तळटीप द्यायची म्हणून शेजारी बारीक खूण केली.

ऊन पडवीच्या पायरीवरून उतरलं तेव्हा ती निघायला उठली. खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न ऐकू आला. फागी आत जाऊन कागदाची पिशवी फुंकून उघडत आली.

"ताईला फोडी देते. मावशी, फळीवर ती पहिल्या निवडीची बरणी हाय ना, तिच्यातल्या घालू?"

"नाय," पाखडता पाखडता गोजाबाई म्हणाली. "खालच्या डब्यातल्या दे. आपण खातो त्या."

फागीने एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा ताईकडे. हॉर्न पुन्हा वाजला. पुष्पलता घाई न करता पिशवी भरायची वाट पाहत उभी राहिली.